वांडाचे मौन आणि समीक्षेची भाषा

कथनात्म कलाकृतीची चर्चा करताना समीक्षा एक गोष्ट बहुधा न तपासताच गृहीत धरते : पात्राला काहीतरी हवे असते. इच्छा, तिच्या आड येणारा अडथळा आणि त्या दोहोंतून उद्भवणारा संघर्ष या त्रयीवर कथानकाची कल्पना उभी असते. आधुनिकतावादी साहित्याने ही चौकट मोडली असे म्हटले जाते. परंतु तेथेही नायकाला काही नको असते आणि आपल्याला काही नको आहे याची त्याला लख्ख जाणीव असते. नकाराचे हे भान हीच त्याची कृती ठरते. जिला काय हवे आहे हे कोणी कधी विचारले नाही, आणि विचारले तरी जिच्यापाशी उत्तराची भाषा नाही, अशी व्यक्ती कलाकृतीच्या मध्यभागी आली म्हणजे मात्र समीक्षेची पंचाईत होते. बार्बरा लोडन यांनी लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच मुख्य भूमिका केलेला 'वांडा' (१९७०) हा अमेरिकन चित्रपट ही पंचाईत फार स्पष्टपणे समोर आणतो.

चित्रपटाचे बीज एका वृत्तपत्रीय बातमीत आहे. चित्रपट तयार होण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे लोडन यांच्या वाचनात ती आली होती. बँकेवरील एका फसलेल्या दरोड्यात साथ देणाऱ्या स्त्रीला न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली, आणि ती ऐकून त्या स्त्रीने न्यायाधीशांचे आभार मानले. या आभारांनी लोडन यांना अस्वस्थ केले, असे त्यांनी नंतर वेळोवेळी सांगितले. तुरुंगात जाणे हे जिला सुटकेसारखे वाटते तिचे बाहेरचे आयुष्य कसे असेल, हा प्रश्न त्या बातमीने त्यांच्यापुढे ठेवला. लक्षणीय गोष्ट अशी, की प्रत्यक्ष चित्रपटात हे आभार नाहीत. खटला नाही, शिक्षा नाही, तुरुंगही नाही. ज्या एका उद्गारासाठी ही कथा सांगावीशी वाटली तोच उद्गार लेखिकेने वगळला. या वगळण्यातच चित्रपटाची नैतिक भूमिका दडलेली आहे. तिचा विचार पुढे यथास्थळी करू. त्याआधी वांडा ज्या भूमीतून येते ती भूमी पाहणे आवश्यक आहे.

चित्रपट ईशान्य पेन्सिल्व्हेनियातील कोळशाच्या पट्ट्यात सुरू होतो. अँथ्रासाइट हा कठीण, कमी धूर करणारा कोळसा येथे मिळतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी पूर्व व मध्य युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या पिढ्या या खाणींवर जगल्या. वांडाचे आडनाव गोरोन्स्की आहे, आणि ते या इतिहासाची आठवण देते. पहिल्या महायुद्धाच्या काळात येथील उत्पादन शिखराला पोहोचले; पुढे खनिज तेल आणि नैसर्गिक वायू घराघरांत आल्यावर ते घसरत गेले. जानेवारी १९५९ मध्ये नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदीचे पाणी घुसले, बारा कामगार प्राणास मुकले आणि त्या खोऱ्यातील खोल खाणकाम जवळजवळ संपुष्टात आले. लोडन यांचा कॅमेरा तेथे पोहोचतो तेव्हा उरलेले असते ते वरवरचे खणणे, कचऱ्याचे काळे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी कशीबशी उभी असलेली घरे.

या घरांपैकी एकात, बहिणीच्या दिवाणखान्यातील कोचावर, वांडा झोपलेली आहे. लहान मूल रडते आहे, एक म्हातारी खिडकीशी बसलेली आहे, आणि बहिणीचा नवरा धुसफुसत बाहेर पडतो आहे. वांडा इथे पाहुणी नाही आणि घरची माणूसही नाही. ती उठते आणि निघते. यानंतर येते ते या चित्रपटाचे सर्वपरिचित दृश्य : अतिदूरच्या चित्रचौकटीत काळ्या ढिगाऱ्यांमधून एक पांढरा ठिपका सरकत राहतो. केसांना कर्लर लावलेली, फिकट कपड्यांतील ती स्त्री इतकी लहान दिसते की ती चालते आहे की थांबली आहे हेही क्षणभर कळत नाही. कॅमेरा तिच्याजवळ जाण्याची घाई करीत नाही. प्रेक्षकाला तिच्याविषयी करुणा वाटण्याआधी तिच्या आणि आपल्यामधील अंतर मोजावे लागते. ढिगाऱ्यात कोळशाचे तुकडे वेचणाऱ्या एका वृद्धाकडे ती थोडे पैसे मागते, ते घेते आणि बसने न्यायालयात जाते.

न्यायालयात नवऱ्याने घटस्फोट मागितला आहे. त्याच्याबरोबर दोन मुले आणि मुलांची नवी आई होऊ घातलेली स्त्री आहे. वांडा उशिरा पोहोचते. न्यायाधीशांनी विचारल्यावर ती सांगते, की त्याला घटस्फोट हवा असेल तर देऊन टाकावा. मुलेही त्याच्याकडेच बरी राहतील. या वाक्यात त्याग नाही, विद्रोह नाही, अपराधभावही दिसत नाही. बातमीतील स्त्रीची आपल्या शिक्षेला दिलेली संमती चित्रपटाच्या अखेरीस येत नाही. तिच्या जागी चित्रपटाच्या आरंभी ही दुसरी, अधिक साधी आणि म्हणून अधिक दुर्बोध संमती येते. आई होण्यास असमर्थ असलेली स्त्री साहित्याने पाहिलेली आहे. परंतु ती एक तर राक्षसी ठरते, किंवा तिच्या असमर्थतेला कारण पुरवले जाते. लोडन कारण पुरवीत नाहीत.

यानंतर वांडा शिवणकामाच्या कारखान्यात जाते. दोन दिवस तिने तेथे काम केले होते. हाती आलेली मजुरी कापून आली आहे, आणि पुढे काम मिळेल का, असे ती विचारते. तू फार संथ आहेस, असे सांगून तिला परत पाठवले जाते. हा प्रसंग दोन-अडीच मिनिटांचा असेल, पण त्यामागे एका प्रदेशाचा आर्थिक इतिहास उभा आहे. कोळसा मंदावला तसे न्यूयॉर्कचे तयार कपड्यांचे कारखानदार या पट्ट्यात आले, कारण बेकार खाणकामगारांच्या बायका आणि मुली कमी मजुरीवर मिळत होत्या. पुरुष घरी आणि स्त्री यंत्रावर, अशी उलटापालट तेथील असंख्य घरांत झाली. यंत्राच्या वेगाशी जुळवून घेणारी स्त्री त्या घरांचा आधार बनली. वांडाला तेही जमत नाही. म्हणजे खाणीने टाकून दिलेल्या समाजानेही तिला टाकून दिलेले आहे. शोषित वर्गाचे प्रतिनिधित्व करण्यासाठीसुद्धा निदान शोषण होण्याइतका वेग अंगी लागतो, ही कठोर गोष्ट चित्रपट कोणताही आवाज न चढवता सांगतो.

या ठिकाणी साहित्यपरंपरेकडे वळून पाहणे उचित ठरेल, कारण निरुद्देश माणूस हा विसाव्या शतकाने गौरविलेला नायक आहे. काम्यूच्या 'परका'चा (१९४२) मर्सो असो किंवा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर असो, त्यांच्या जगण्याला दिशा नसते; पण त्या दिशाहीनतेचे निवेदन त्यांच्याच हाती असते. 'मी' हे सर्वनाम त्यांच्यापाशी आहे. पांडुरंगाचे वाया जाणे त्याच्या विनोदातून, तिरकस निरीक्षणांतून आणि बोलीच्या लयीतून एवढे भरघोस होते, की वाया जाणे हाच एक सांस्कृतिक ऐवज बनतो. आर्थिक बाजूनेही पाहावे : पांडुरंग कॉलेजातून परत येतो तेव्हा परत येण्यासाठी त्याला गाव, घर आणि शेत असते. निरर्थकतेचा अनुभव घेण्यासाठी काही एक पाया लागतो. वांडाच्या पायाखाली कोळशाचा चुरा आहे.

घर सोडणाऱ्या स्त्रियांची परंपराही आहे, आणि तिने समीक्षेला अधिक सोयीचे प्रश्न दिले आहेत. इब्सेनची नोरा (१८७९) दार लावून घेते तेव्हा का जाते हे सविस्तर सांगून जाते. केट शोपॅन यांच्या १८९९ मधील 'जागृती' या कादंबरीची नायिका एडना आपल्यात काय जागे झाले हे ओळखते. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'उंबरठा'ची (१९८२) सुलभा घर सोडते ती महिलाश्रमाच्या अधीक्षिकेचे काम करण्यासाठी. तिच्या जाण्यामागे शिक्षण आहे, व्यवसाय आहे, सामाजिक प्रयोजन आहे. म्हणूनच तिच्यावर झालेला अन्याय प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीला पटकन भिडतो. उंबरठा ओलांडण्याचे समर्थन द्यावे लागते, आणि समर्थन देता येणाऱ्या स्त्रीलाच उंबरठा ओलांडण्याचा अधिकार आहे, असा एक अलिखित संकेत या परंपरेत दडलेला आहे. वांडाने कोणता उंबरठा कधी ओलांडला हेच सांगता येत नाही. ती घरातून बाहेर पडत नाही. घर तिच्यावरून ओसरून जाते.

ओसरून गेलेल्या या जागेत पुरुष येतात. दारूच्या गुत्त्यात बिअर पाजणारा एक फिरता विक्रेता तिला मोटेलमध्ये नेतो आणि दुसऱ्या दिवशी वाटेत आइस्क्रीमच्या दुकानाशी उतरवून गाडी पळवतो. स्पॅनिश भाषेतील चित्रपट चालू असलेल्या एका थिएटरात ती झोपी जाते आणि तिच्या पर्समधील पैसे चोरीला जातात. रात्री ती एका बंद होऊ घातलेल्या बारमध्ये शिरते. गल्ल्यामागचा माणूस तिला बारवाला वाटतो. खरा बारवाला तोंड बांधून खाली पडलेला आहे, आणि समोरचा माणूस चोर आहे. हाच डेनिस. मायकेल हिगिन्स यांनी तो चष्मा लावणारा, सूट घालणारा, सतत डोके दुखणारा, चिडखोर आणि घाबरट माणूस म्हणून उभा केला आहे. वांडा त्याला शेवटपर्यंत 'मिस्टर डेनिस' म्हणते. तो तिला मारतो, हॅम्बर्गर आणायला रात्री रस्त्यावर पाठवतो, तिची पँट आणि लिपस्टिक धावत्या गाडीतून फेकून देतो आणि तिने कोणता पोशाख घालावा हे ठरवतो.

डेनिसचे या कथेतील कार्य नीट पाहिले पाहिजे. तो क्रूर आहे, पण तो एवढाच असता तर चित्रपट अत्याचाराची एक कहाणी होऊन थांबला असता. डेनिस हा उद्दिष्टावर श्रद्धा असलेला माणूस आहे. मोकळ्या माळावर गाडीशी बसून तो वांडाला तत्त्वज्ञान सांगतो : ज्याला काही नको असते त्याला काही मिळत नाही, आणि ज्याच्यापाशी काही नसते तो मेल्यातच जमा, त्याला या देशाचा नागरिकही म्हणता येत नाही. मग आपण मेलेलेच असू, असे वांडा सहज मान्य करून टाकते. तेवढ्यात डोक्यावर एक खेळण्यातले विमान घिरट्या घालू लागते आणि डेनिस गाडीच्या टपावर चढून हात उंचावून त्याच्यावर ओरडू लागतो. अमेरिकेच्या यशस्वितेच्या धर्माचे इतके नेमके आणि इतके हास्यास्पद प्रवचन क्वचितच चित्रित झाले असेल. प्रवचनकार स्वतः त्या धर्मातून बहिष्कृत आहे. कनेक्टिकटमधील वॉटरबरी येथील 'होली लँड' या बायबलमधील स्थळांच्या छोटेखानी प्रतिकृतींच्या उद्यानात तो आपल्या वृद्ध बापाला भेटतो, तेव्हा मुलाचा संशयास्पद पैसा नाकारणाऱ्या त्या बापासमोर तो एखाद्या नापास विद्यार्थ्यासारखा उभा राहतो.

हाच डेनिस वांडाला तिच्या आयुष्यातील पहिले काम देतो. बँकेच्या दरोड्यातील आपला भाग ती पाठ करते, हे आपल्याला जमणार नाही म्हणून गयावया करते, तिला ओकारी येते, पण तो तिला सोडत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याच्या घरी झटापट होते तेव्हा हातातून पडलेले पिस्तूल वांडा उचलते आणि प्रसंग सावरते. डेनिस तिला शाबासकी देतो. त्या वेळी लोडन यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहणे अवघड जाते. इतक्या थोडक्या स्तुतीने एखादा चेहरा उजळू शकतो हे पाहणाऱ्याला अपराधी वाटायला लावते. कारखान्याने संथ म्हणून नाकारलेल्या स्त्रीला कामाचे कौतुक पहिल्यांदा मिळते ते गुन्ह्यात. आणि तेथेही तिची मूळ गती तिला गाठतेच. मागून गाडी घेऊन येताना ती वाहतुकीत चुकते, पोलीस अडवतो, आणि ती बँकेपाशी पोहोचते तेव्हा गर्दी जमलेली असते व डेनिस मारला गेलेला असतो. ती गर्दीतील एक चेहरा होऊन पाहत राहते.

येथे 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) या चित्रपटाची आठवण अपरिहार्य आहे. तीन वर्षांपूर्वीच त्या चित्रपटाने दरोडेखोर जोडप्याला सौंदर्य, वेग आणि प्रणय बहाल केला होता. लोडन यांनी आपला चित्रपट त्याच्या विरुद्ध टोकाचा मानला. या विरोधामागे एक खाजगी वाटावा असा, पण जाहीर नोंदीतला धागा आहे. लोडन यांचा जन्म १९३२ चा, उत्तर कॅरोलायनातील. लहानपण आजी-आजोबांकडे गेले. कोवळ्या वयात न्यूयॉर्कला येऊन त्यांनी मॉडेल आणि नर्तकी म्हणून काम केले. एलिया कझान यांच्या 'वाइल्ड रिव्हर' (१९६०) आणि 'स्प्लेंडर इन द ग्रास' (१९६१) या चित्रपटांत त्यांच्या भूमिका होत्या. आर्थर मिलर यांच्या 'आफ्टर द फॉल' (१९६४) या नाटकातील मॅगीच्या भूमिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. मॅगी ही मॅरिलिन मन्रोची प्रतिमा आहे, असेच सर्वांनी मानले. पुढे कझान त्यांचे पती झाले. कझान यांच्या 'द अरेंजमेंट' (१९६७) या कादंबरीतील ग्वेन लोडन यांच्यावरून घेतलेली आहे, असे समजले जाते. आणि १९६९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा ग्वेनची भूमिका फे डनवे यांना मिळाली. बॉनीची भूमिका करणारी नटी हीच. म्हणजे दोन मोठ्या लेखकांच्या स्त्रीप्रतिमांमधून लोडन यांचा प्रवास झाला : एकीत त्यांनी दुसऱ्या स्त्रीचे रूप घेतले, दुसरीत त्यांचे रूप दुसऱ्या स्त्रीने घेतले. स्वतः लेखणी हाती घेतल्यावर मात्र त्यांनी एकही पुरुष लेखक जिच्यावर नाटक लिहिणार नाही अशी स्त्री निवडली.

चित्रपटाची निर्मितीही या निवडीशी सुसंगत आहे. सुमारे सव्वा लाख डॉलरच्या आतील खर्च, सोळा मिलिमीटरची फिल्म, चारच माणसांचा चमू, हिगिन्स आणि लोडन वगळता बहुतेक अव्यावसायिक नट. छायाचित्रण आणि संकलन करणारे निकोलस प्रोफेरेस माहितीपटांच्या परंपरेतून आलेले होते. चित्रचौकटीतील खरखरीत पोत आणि नैसर्गिक प्रकाश ही केवळ काटकसर नव्हे. गुळगुळीतपणा हा एक प्रकारचा खोटेपणा आहे, अशी लोडन यांची धारणा त्यामागे होती. १९७० च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपटाला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा व्हिन्सेंट कॅन्बी यांच्यासारख्यांनी त्याचे स्वागत केले, पॉलीन केल यांना तो रुचला नाही, आणि फार कोणी पाहण्याआधीच तो पडद्यावरून गेला.

स्त्रीमुक्ती चळवळीचा तो ऐन बहराचा काळ. चळवळीतील काहींना वांडाचा राग आला. जी लढत नाही, समजून घेत नाही, स्वतःच्या दास्याला साथ देते, अशी स्त्री पडद्यावर आणून काय साधले, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. पडद्यावरील स्त्रीची निष्क्रियता पुरुषी नजरेला किती सोयीची असते हे लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या प्रसिद्ध निबंधात सैद्धांतिक पातळीवर दाखवलेच आहे. पण वांडाची निष्क्रियता कोणत्या नजरेला सुखावते? तिच्या देहाकडे कॅमेरा लोभाने पाहत नाही. ती पुरुषाच्या कथेतील विसावा नाही, कारण पुरुषाची कथाच येथे धड नाही. तेव्हा 'निष्क्रिय' या शब्दाचीच फेरतपासणी करावी लागते.

या तपासणीसाठी मराठी व्याकरणातील एक संज्ञा उपयोगी पडेल. चळवळीची भाषा दोन प्रयोग ओळखते : स्त्री कर्ता आहे, किंवा स्त्री कर्म आहे; ती करते, किंवा तिच्यावर केले जाते. मुक्ती म्हणजे कर्मणीतून कर्तरीत येणे. मराठीला मात्र तिसरा प्रयोग ठाऊक आहे. भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाला जुमानत नाही आणि कर्माच्याही नाही; ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे राहते. 'तिला चालवत नाही', 'तिला जावे लागते' या वाक्यांत क्रिया घडते किंवा घडत नाही, पण तिची मालकी कोणाकडेच नसते. 'उजाडले', 'सांजावले' येथे तर कर्ताच सापडत नाही. वांडा अशा वाक्यांत राहते. तिच्याबाबत उजाडते आणि सांजावते. तिच्या हातून होते, तिच्याकडून राहून जाते. तिला कर्म ठरवून तिची कीव करणे, किंवा कर्ता नाही म्हणून तिला दोष देणे, या दोन्ही वाचनांत तिची जागा चुकते. वर्ग, प्रदेश, शिक्षण आणि लिंगभाव यांनी मिळून घडविलेले असे जिणे असू शकते की ज्याच्या वर्णनासाठी कर्ता आणि कर्म ही दोन्ही पदे अपुरी पडतात, एवढे मान्य केल्याविना हा चित्रपट वाचता येत नाही.

तुलनेसाठी आन्येस व्हार्दा यांच्या १९८५ च्या चित्रपटातील मोना पाहता येईल. बेघर, बेछत फिरणारी ही तरुणी थंडीने मरून पडलेली सापडते आणि तिला भेटलेल्या माणसांच्या साक्षींतून तिची कथा जुळत जाते. मोना नाही म्हणते; कामाला, प्रेमाला, कृतज्ञतेला. तिचे भटकणे हा नकार आहे आणि म्हणून त्याला एक ताठ कणा आहे. वांडापाशी हा 'नाही' नाही, निदान बराच काळ नाही. तो येतो तो शेवटाकडे. डेनिसच्या मृत्यूनंतर एक तरुण तिला आपल्या लाल गाडीतून एका खाणीपाशी नेतो आणि तिच्यावर जबरदस्ती करू लागतो. आतापर्यंत प्रत्येक पुरुषाचे म्हणणे निमूट मान्य करणारी वांडा येथे किंचाळते, हातपाय झाडते आणि रानात पळून जाते. या किंकाळीचे 'जागृती' असे भाषांतर करण्याचा मोह समीक्षेला होतो, आणि तो टाळायला हवा. ती किंकाळी घोषणा नाही. तिच्यातून पुढचे कोणतेही वाक्य निघत नाही. पण ती भावे प्रयोगातील नाही, हेही तितकेच खरे. तेवढ्या एका क्षणी क्रियेला मालकीण आहे.

शेवटच्या दृश्यात रात्री रस्त्याकडेच्या एका गुत्त्याबाहेर वांडा अंधारात बसलेली असते. एक अनोळखी स्त्री तिची चौकशी करते आणि तिला आत नेते. दाटीवाटीने बसलेल्या माणसांमध्ये तिला जागा मिळते. कोणी बिअर देते, कोणी खायला, कोणी सिगरेट. फिडलवर गाणे वाजत असते, सगळे हसत असतात. वांडा खाली मान घालून खाते, धूर सोडते, आणि तिच्या चेहऱ्यावर चित्र गोठते. लोक दयाळू आहेत, तरी तिच्या एकटेपणाला त्यांचा स्पर्श होत नाही. तिला शिक्षा होत नाही, उद्धारही होत नाही.

बातमीतील आभार चित्रपटात का नाहीत, याचे उत्तर या गोठलेल्या चेहऱ्यापाशी मिळते. न्यायाधीशांचे आभार मानणारी स्त्री हा एक विलक्षण, अर्थगर्भ शेवट ठरला असता. त्या एका उद्गाराने सगळे मागील आयुष्य उजळले असते, प्रेक्षकाला हुंदका आला असता आणि समीक्षकाला शीर्षक मिळाले असते. वांडा मात्र त्या उद्गारात कायमची कैद झाली असती. तिचे जगणे त्या वाक्याचे उदाहरण बनले असते. लोडन यांनी जे नाकारले ते हे कैद करणे. पात्राला त्याच्या आवाक्याबाहेरची अर्थपूर्णता उसनी द्यायची नाही, ही या चित्रपटाची शिस्त आहे. उपेक्षितांना बोलता येते का, हा गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला प्रश्न बहुधा ज्ञानव्यवहाराच्या संदर्भात चर्चिला जातो. लोडन यांनी तो त्याआधी अठरा वर्षे, कोणत्याही सिद्धांताविना, संकलनाच्या टेबलावर सोडवू पाहिला : बोलता येत नसेल तर तिच्या वतीने बोलू नये; तिच्याकडे पाहत मात्र राहावे.

मार्गरित द्युरास यांनी या चित्रपटाची थोरवी लवकर ओळखली. लोडन आणि वांडा यांच्यात एरवी नट आणि पात्र यांच्यात असते तसे अंतर उरलेलेच नाही, हा त्यांना चमत्कार वाटला. लोडन यांनीही मुलाखतींतून सांगितले होते, की एके काळी त्यांना स्वतःची अशी ओळख नव्हती. इतरांना जे हवे ते त्या बनत असत. तरीही द्युरास यांच्या मताला एक पुस्ती जोडावीशी वाटते. अंतर नाहीसे झाले असते तर हा चित्रपट झाला नसता. वांडाला चित्रपट करता आला नसता. लोडन यांना आला. स्वतःच्या भूतकाळातील मुक्या स्त्रीकडे भाषा मिळवलेल्या स्त्रीने पाहणे, आणि पाहताना आपली नवी भाषा तिच्या तोंडी न घालणे, या संयमातून ते अंतर अदृश्य झाले आहे.

लोडन यांना दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट करता आला नाही. १९७५ मध्ये त्यांनी शैक्षणिक संस्थेसाठी दोन लघुपट केले. शोपॅन यांच्या 'जागृती'वर चित्रपट करण्याचा त्यांचा विचार होता. ५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कझान यांच्या १९८८ च्या आत्मचरित्रात त्यांच्या दिग्दर्शनक्षमतेविषयी फारसा विश्वास आढळत नाही. पुढे काळाचे चक्र फिरले. इझाबेल ह्युपेर यांनी फ्रान्समध्ये चित्रपट पुन्हा उपलब्ध करून दिला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय चित्रपट-संग्रहालयाने २०१० मध्ये त्याची पुनःस्थापित प्रत सिद्ध केली. नाताली लेजे यांचे लोडन यांच्यावरील पुस्तक २०१२ मध्ये आले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत 'वांडा'चा समावेश झाला.

हा न्याय उशिराचा असला तरी आनंदाचा आहे. पण त्याबरोबर एक नवी सोय निर्माण झाली आहे. दुर्लक्षित प्रतिभावंत पत्नी, विख्यात पती, एकमेव कृती, अकाली मृत्यू : ही कथा इतकी सुघड आहे, की हल्ली 'वांडा'वरील लेखन पुष्कळदा लोडन यांच्यावरच थांबते. लोडन यांना कथानायिका करणे सोपे आहे, कारण त्यांना काहीतरी हवे होते आणि त्यांच्या वाटेत अडथळे होते. इच्छा, अडथळा आणि संघर्ष ही जुनी त्रयी येथे पुन्हा हजर होते, आणि वांडा पुन्हा एकदा मागे राहते, पुरती नकोशी नव्हे, पण कोणाच्या तरी उपयोगाची. आइस्क्रीमच्या दुकानाशी तिला उतरवून निघून गेलेल्या गाडीची येथे आठवण होते. सहानुभूतीच्या वाहनातूनही माणसाला वाटेत उतरवता येते.

समीक्षेने वांडाला काही द्यायचे असेल तर अर्थ देऊ नये. तो द्यायला अनेक जण तयार होते, आणि त्यांतील एक बँकेच्या दारात मेला. तिला वेळ द्यावा. ज्या संथपणासाठी कारखान्याने तिला नाकारले त्या संथपणाने तिच्याकडे पाहणारा वाचक आणि प्रेक्षक घडविणे, एवढे काम शिल्लक आहे. काळ्या ढिगाऱ्यांतून सरकणाऱ्या त्या पांढऱ्या ठिपक्याला चौकट ओलांडायला जितका वेळ लागतो तितका वेळ, मध्येच निष्कर्ष न काढता, बसून राहणे हे सैद्धांतिकदृष्ट्या फार मोठे कार्य वाटणार नाही. तथापि समीक्षेच्या व्यवहारात ते किती क्वचित घडते, हे 'वांडा'च्या पन्नासाहून अधिक वर्षांच्या वाचनेतिहासाने दाखवून दिले आहे.